थकलेली उधारी आणि उडालेली झोप

गेल्या पावसाळ्यात एका मयतीला गेलो होतो. माणूस पंचेचाळिशीच्या आतला, बारा मागांचा कारखाना, तीन मुले. आजारी नव्हता, निदान कोणाला तसे ठाऊक नव्हते. त्याने स्वतःच आपला जीव घेतला होता. कब्रस्तानाबाहेर लोक हळू आवाजात आकडे बोलत होते. कोणी म्हणे सूतवाल्याचे नऊ लाख होते, कोणी म्हणे बँकेचे हप्ते थकले होते, कोणी लाइट बिलाचे सांगत होता. चौथ्या दिवशी ज्यांचे देणे होते त्यातले तिघे एकत्र बसले. एकाने रक्कम कमी केली, दुसऱ्याने वर्षभराची मुदत दिली, तिसरा म्हणाला, मुले हाताशी आली की बघू. हेच तिघे आठ दिवस आधी बसले असते तर? मी त्यातल्या एकाला तसे विचारलेही. तो खाली मान घालून म्हणाला, ''सेठ, त्यानं आम्हाला सांगितलंच नाही. विचारलं की म्हणायचा, चेक येतोय.''

''चेक येतोय'' हे दोन शब्द मी स्वतः अकरा महिने वापरले आहेत. म्हणून आज हे लिहायला बसलो. व्यापाराच्या पानावर असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण सुताच्या तेजी-मंदीवर आपण इतके बोलतो आणि त्या तेजी-मंदीने माणसाच्या डोक्याचे काय होते यावर अवाक्षर काढत नाही. धंद्यात बुडालेली रक्कम वहीत दिसते, बुडालेला माणूस दिसत नाही.

मी मालेगावचा. कोऱ्या कापडाचा, ज्याला बाजारात ग्रे म्हणतात त्याचा व्यापार करतो. आमचे कापड इथे विणले जाते आणि रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतऱ्याकडे जाते. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात नफा मीटरमागे पैशांत असतो आणि उधारी लाखांत. सूतवाल्याला लवकर द्यावे लागते, मजुरी तर थांबवताच येत नाही आणि कापडाचे पैसे साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी येतात. दलालाच्या शब्दावर गाडी भरून माल जातो. जोपर्यंत चाक फिरते तोपर्यंत सगळेच श्रीमंत. चाक अडकले की मधला माणूस दोन्हीकडून चेपला जातो.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा मजुरी द्यायला रोकड नव्हती, कित्येक कारखाने आठवडेच्या आठवडे बंद राहिले. त्यातून सावरतो तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कच्च्या चिठ्ठीवर वाढलेल्या बाजाराला पक्के बिल शिकायला वेळ लागला. त्या गोंधळात माझ्या एका पार्टीने हात वर केले. माझे अकरा लाख चाळीस हजार अडकले. पार्टीचे नाव घेत नाही, त्याचेही पुढे कोणाकडे अडकलेच असणार.

आधी झोप गेली. रात्री तीनला डोळा उघडायचा आणि मनात बेरीज सुरू व्हायची. तीच बेरीज, तेच आकडे, उत्तर तेच. मग भूक गेली. मग दुकानात गादीवर बसलो की कोणी पायरी चढले तरी पोटात धस्स व्हायचे, कारण तो तगाद्याला आला असणार असे वाटायचे. फोन वाजला की उचलायचा नाही, वाजला नाही तर त्याचीही बेचैनी. घरी मुलांवर ओरडणे वाढले. धाकटी तर मी आलो की पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊ लागली. मला वाटायचे अभ्यास वाढला आहे.

एका संध्याकाळी दुकानातच छाती आवळली, हात मुंग्यांनी भरले, श्वास पुरेना. वाटले, संपले. दुकानातल्या पोरांनी गाडीत घालून नाशिकला नेले. रात्रभर मशिनी लावल्या, रक्त तपासले. सकाळी डॉक्टर म्हणाले, ''हृदय उत्तम आहे. धंदा कसा चाललाय?'' मला राग आला. शंभर किलोमीटर आलो आणि हा माणूस धंद्याची चौकशी करतो! दोन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, पुन्हा हृदय उत्तम निघाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. छातीत दुखले की आधी हृदयच तपासायचे, 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसायचे नाही. पण हृदय निर्दोष निघाल्यावरही तेच पुन्हा होत असेल, धडधड दहा-पंधरा मिनिटांत शिगेला पोचून मग उतरत असेल, तर तो घबराहटीचा झटका असू शकतो. त्यात जिवाला धोका नसतो, मात्र त्या दहा मिनिटांत माणसाला ते पटत नाही.

पुढचे चार महिने मी आपल्या लोकांच्या चालीने चाललो. गॅसच्या गोळ्या झाल्या, हकीम साहेबांची माजून झाली, तावीज झाला. कोणी म्हणाले दुकानाला नजर लागली, कोणी म्हणाले गादीची दिशा बदला. ती पण बदलली. शेवटी नाशिकच्या त्याच हृदयवाल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एका मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवले. मी मुद्दाम मंगळवार निवडला. शुक्रवारी आमचे कारखाने बंद असतात, त्या दिवशी नाशिकला मालेगावचे कोणी ना कोणी भेटते. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. आत जाऊन बसतो तर समोरच्या बाकावर आमच्याच बाजारातला एक सूतदलाल, आणि त्याच्यापलीकडे मोहल्ल्यातले एक हाजी साहेब, सोबत जावई. तिघांनीही एकमेकांना पाहिले आणि तिघांनीही वर्तमानपत्र उघडले. जावयाच्या वाट्याला वर्तमानपत्र उरले नाही, तो बिचारा पंख्याकडे पाहत बसला.

त्या डॉक्टरांनी मला बरेच काही विचारले, पण एक प्रश्न विसरत नाही. ''नक्की किती पैसे अडकलेत हे घरात कोणाला माहीत आहे?'' मी म्हणालो, कोणालाच नाही. भावाला? नाही. मुनीमजींना? त्यांना अर्धा आकडा माहीत होता. डॉक्टर म्हणाले, ''औषध मी देतो. पण पुढच्या खेपेला येण्याआधी तो आकडा बायकोला सांगून या.''

गोळी घेणे सोपे गेले, आकडा सांगणे जड गेले. पाच दिवस मी तोंड उघडले नाही. सहाव्या दिवशी रात्री जेवणानंतर सांगितले. ती गप्प बसली. मग म्हणाली, ''एवढंच? मला वाटत होतं तुम्हाला कॅन्सर झालाय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. चार महिने मी रोज रात्री तुमचा श्वास मोजतेय.'' म्हणजे तीनला मी बेरीज करत होतो तेव्हा शेजारी तीही जागीच होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर रागावली, आणि तो राग बरेच दिवस गेला नाही. पैशांचा नव्हता, लपवण्याचा होता. तो रास्तच होता.

गोळीबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नैराश्यावरची आणि घबराहटीवरची जी मुख्य औषधे असतात ती घेतल्या रात्री गुण देत नाहीत. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या दहा दिवसांत मला तोंड कोरडे पडणे आणि मळमळ याखेरीज काही मिळाले नाही. मी डॉक्टरांना फोन करून भांडलोसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठलो तेव्हा अजान झालेली होती, म्हणजे मी रात्रभर झोपलो होतो. मग चौथ्या महिन्यात, बरे वाटते आहे म्हणून, स्वतःच्या अकलेने गोळी बंद केली. सहा आठवड्यांत सगळे परत आले, व्याजासकट. बरे वाटल्यावरही ही औषधे काही महिने चालू ठेवायची असतात आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवायची असतात. या औषधांची नशेसारखी चटक लागत नाही.

चटक लागते ती दुसऱ्या गोळीची. आमच्या शहरात तिला बाजारू भाषेत 'कुत्ता गोली' म्हणतात. तिच्यात अल्प्राझोलाम असते. औषध मुळात खोटे नाही, डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी लिहून देतात. पण चोरट्या मार्गाने पट्टीच्या पट्टी विकत घेऊन खाल्ली तर थोड्याच आठवड्यांत शरीर तिच्याशिवाय राहत नाही, मात्रा वाढत जाते, आणि एकदम तोडली तर फिट येऊ शकते. म्हणून ज्याला सवय लागली आहे त्याला घरात कोंडून गोळी तोडू नये, डॉक्टरच्या हाताखाली उतरवावी. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पोलीस धाडी घालतात, चार पोरे पकडली जातात, गोळी पुन्हा येते.

ती का येते याचा विचार आपण कारखानदारांनी करावा. बारा तासांची पाळी, उभ्याने काम, नव्वद डेसिबलच्या वर आवाज, आठवड्याआड रात्रपाळी. कायद्याने इतक्या आवाजात आठ तासांहून जास्त कोणाला ठेवू नये. विणणाऱ्याला मीटरवर मजुरी, धागा तुटत राहिला तर पगार तुटतो. वर मालकाकडून घेतलेली उचल, जिला इकडे 'बाकी' म्हणतात, ती मुलीच्या लग्नाला घेतलेली असते आणि मुलीला मुले झाली तरी फिटत नाही. आपली उधारी थकली की आपण 'टेन्शन' म्हणतो. कारागिराची झोप उडाली की तोच शब्द आपण त्याला देत नाही, 'नशेडी' म्हणतो. २०२० मध्ये टाळेबंदीत दोन-तीन महिने शहरातले माग थांबले. मोहल्ल्यातला एक कारागीर मला म्हणाला होता, ''सेठ, खटखट बंद झाली आणि झोपच येत नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा स्वतःचा विचार ऐकू येतोय.'' त्याच्या घरी तेव्हा शिजवायला काय होते हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे ईमान कमजोर असणे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. उर्दू शाळेत आम्हाला इब्न सीनाचे नाव शिकवले, अबू जैद बल्खीचे नाव मात्र मी चाळिशी उलटल्यावर ऐकले. बल्खचा हा विद्वान ९३४ मध्ये वारला. शरीर आणि नफ्स या दोन्हींच्या निगेवर त्याने एक किताब लिहिली, 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस'. त्यात राग, भीती, गम आणि वसवसा यांचा आजार म्हणून वेगवेगळा विचार केला आहे. एक गम असा असतो की ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते, दुसरा असा की कारण सापडत नाही आणि त्याचे मूळ शरीरात असते, म्हणून त्याला शरीराचाही इलाज लागतो, असे तो म्हणतो. घरात जसे आपण अडीअडचणीला औषध ठेवतो तसे बऱ्या दिवसांत काही धीराचे विचार जमवून ठेवावेत, हाही त्याचाच सल्ला. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे इतके ठाऊक होते आणि आज आपण गादीची दिशा बदलतो.

दुआला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो. विरोध आहे तो दवा अडवण्याला. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली. मनाच्या आजाराचे लोक तिथे साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. पळता न आल्याने २८ जण गेले. त्यांना तिथे शत्रूंनी सोडले नव्हते, घरच्यांनीच बरे व्हावे म्हणून आणले होते. उलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यावर २००८ पासून वेगळा प्रयोग झाला. आपल्या महाराष्ट्रातूनही तिथे लोक जातात. तिथल्या मुजावरांनी आजाराच्या खुणा ओळखायला शिकून रुग्णांना दर्ग्याच्या आवारातच डॉक्टरांकडे पाठवायला सुरुवात केली. दुआ मुजावरांकडे, दवा डॉक्टरांकडे. माणूस दोन्हीकडून रिकामा परत जात नाही.

आता काही व्यवहाराचे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला माणूस गुन्हेगार नव्हे, तो भारी तणावाखाली होता असेच धरून चालायचे आणि सरकारने त्याच्यावर उपचार करायचे, असेही त्यात आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात न नेणारी घरे मी पाहिली आहेत, त्यांनी हे वाचावे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे, हेही त्याच कायद्यात आहे, तेव्हा पॉलिसी घेताना विचारून घ्यावे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते, आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. टेलिमानस ही सरकारची फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. रात्री तीनला बेरीज सुरू झाली तर हा नंबर लावता येतो. आणि कोणी मरणाची भाषा बोलू लागला, हिशेब मिटवू लागला, मुलांना कोणाच्या हवाली करण्याच्या गोष्टी करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. 'तुमच्या मनात जीव देण्याचे येते का' असे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

रमजानमध्ये गोळीचे काय, हे बरेच जण विचारतात. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येतात, पण वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. ज्यांना लिथियम चालू आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, अंगातले पाणी कमी झाले की ते औषध रक्तात वाढते.

पैशांचा भाग राहिला. डॉक्टर अडकलेले पेमेंट काढून देत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते. ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे आणि उद्यम नोंदणी आहे त्यांना २००६ च्या कायद्याचा आधार आहे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असला तरी पंचेचाळीस दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे, नाही दिले तर सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. कायदा त्यावर व्याजही देतो. ते घ्यायचे नसेल तर मुद्दल तरी मागा. २०२४ च्या सुरुवातीला पंचेचाळीस दिवसांवरून कापड बाजारात जी ओरड झाली ती याचमुळे, कारण तोपर्यंत न चुकवलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येईनाशी झाली. माझ्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला मात्र परिषदेचा हा आधार नाही. आम्हाला पार्टी पारखून घेणे, एकाच ठिकाणी सगळा माल न टाकणे आणि चिठ्ठी पक्की करणे, एवढेच हाती आहे.

माझ्या अकरा लाख चाळीस हजारांपैकी सहा लाख तुकड्या-तुकड्याने तीन वर्षांत आले. बाकीचे आले नाहीत आणि येणारही नाहीत. ज्या सूतवाल्याचे मी देणे होतो त्याच्याकडे, घरी आकडा सांगितल्यानंतर पंधरा दिवसांनी, वही घेऊन गेलो. त्याच्यासमोर वही उघडली आणि काय देता येईल ते सांगितले. तो खूश झाला नाही. चार शब्द त्याने ऐकवले, ते मी ऐकून घेतले. पण महिन्याचा हप्ता ठरला, आणि त्यानंतर त्याचा फोन वाजला तर मी उचलू लागलो.

नाशिकच्या त्या बाकावर भेटलेला सूतदलाल पुढे वर्षभर मला टाळत होता, मीही त्याला. मग एकदा औषधाच्या दुकानात दोघांनी एकच चिठ्ठी पुढे केली आणि दोघांनाही हसू आले. परवा मोसम पुलावर भेटला. स्कूटर थांबवून म्हणाला, ''सेठ, तुमची चालू आहे का अजून?'' मी म्हणालो, ''बंद झाली दोन वर्षांपूर्वी. तुमची?'' ''अर्धी केलीय डॉक्टरांनी.'' मग त्याने सुताचा भाव सांगितला, तो कालच्यापेक्षा चढा होता, आणि स्कूटर चालू करून निघून गेला.